सहाणेपुढचं सारवण

गाणं संपलं की मामांचा उजवा हात वर जायचा आणि एक बोट उभं राहायचं. "आजून एक!" ते एक वाजून झालं की पुन्हा तेच बोट आणि पुन्हा "आजून एक!" भाताचे भारे मोजायला बसले तर या माणसाची कधी चूक होत नसे. नाच सुरू झाला की मात्र त्यांचा आकडा एकाच्या पुढे सरकायचा नाही. डेक सांभाळणारी मुंबईची पोरं वैतागायची, हसायची आणि लावायची आणखी एक.

कापडे गावाहून डोंगराकडे चांगली दमछाक होईस्तोवर चढलं की ती वाडी लागायची. मी महाडचा. शिक्षक म्हणून त्या वाडीच्या शाळेवर गेलो तेव्हा तिथे वीज नुकतीच पोहोचली होती आणि कमावती माणसं बहुतेक मुंबईला पोहोचली होती. निम्म्या घरांना कुलपं. उरलेल्या घरांत म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली थोडी मुलं, म्हणजे माझी शाळा. मामांच्या घरात मामा एकटेच. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नाही. सगळी वाडी त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. असा कुणाचा कोण ते न सांगता येणारा, पण सगळ्यांचा मामा तुमच्याही ओळखीत एखादा असेल.

एरवी मामा फार बोलायचे नाहीत. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर येऊन बसायचे, तंबाखू मळायचे आणि कुलूप लावलेल्या घरांकडे बघत राहायचे. "गुरुजी, शिमगा कंदी हाय?" हा प्रश्न गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू व्हायचा. मी कॅलेंडर बघून सांगायचो. त्यांना तारीख माहीत असायचीच. कुणाच्या तरी तोंडून ऐकायची असायची, इतकंच.

शिमग्याला मुंबईकर यायचे आणि वाडी ओळखू यायची नाही. सहाणेवर, म्हणजे पालखी बसायच्या चौथऱ्यावर, ग्रामदेवतेची पालखी यायची. पूजा, आरती व्हायची आणि मग सहाणेपुढच्या अंगणात डेक लागायचा. वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने दोन मोठे स्पीकर घेतले होते. एसटीच्या टपावर ते दरवर्षी कोण चढवणार, म्हणून ते मामांकडेच ठेवलेले. मामा त्यांना 'बाक्स' म्हणायचे. पावसाळ्यात दमट हवेने खराब होऊ नयेत म्हणून बाक्सांना गोधडी पांघरलेली असायची आणि मामा स्वतः कांबळं घेऊन झोपायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, गोधडी तुम्ही घ्या की." तर म्हणाले, "माजा आवाज बसला तर कोन इचारतंय, गुरुजी? त्यांचा बसला तर पोरां काय म्हनतील?"

पण त्यांचं खरं काम अंगणाचं. शिमगा जवळ आला की मामा ते अख्खं अंगण खणायचे, दगड वेचायचे, पाणी मारून चोपण्याने चोपायचे आणि शेणाने सारवायचे. मदतीला कुणी आलेलं त्यांना खपायचं नाही. "पोरी नवी कापडां घालून नाचतात. धुरळा उडता नये," म्हणायचे. सारवण वाळेपर्यंत काठी घेऊन राखण करायचे. एकदा माझ्या शाळेतली शेळी, म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात मुक्कामाला असणारी एक शेळी, त्यावरून चालत गेली. मामांनी तिला जो "जल्ला!" म्हणून आवाज टाकला, तो ऐकून माझा वर्ग पाढे विसरला.

नाच सुरू झाला की पहिलं पाऊल मामांचं. गाणं सिनेमातलं असो, इंग्रजी असो की कुणी मुंबईत ऐकून आणलेलं नुसतंच धडधडणारं असो, मामांचे पाय शिमग्याच्या ढोलावर पडायचे तसेच पडायचे. डाव्या हातात धोतराचा सोगा, उजवा हात वर. पोरी ओरडायच्या, "मामा, कंबर हलवा!" मामा म्हणायचे, "ती तुमी हलवा गो, माजी हितंच ऱ्हाऊ दे." मग म्हातारे उतरायचे, सुना उतरायच्या, पोरं तर उतरलेलीच असायची. मी कडेला खुर्चीवर. आमच्या महाडच्या घरात नाच ही दुसऱ्याने करायची आणि आपण बघायची गोष्ट होती. मामा मला ओढायला यायचे आणि मी चष्मा सांभाळत नाही म्हणायचो.

मुंबईकर गेले की दुसऱ्या दिवशी वाडी पुन्हा गप्प. पहिल्या वर्षी मुलांना घेऊन मी अंगण झाडायला गेलो, तेव्हा मामांनी माझ्या हातातला झाडू धरला. "ऱ्हाऊ दे, गुरुजी." सारवण जागोजाग उखडलं होतं, त्यात टाचा उमटल्या होत्या. मामा उकिडवे बसून मला दाखवू लागले. "ही बगा, थोरल्या घरच्या सुनंची टाच. तिकडं खोलीत पाय टाकाया जागा नाय, हितं कशी नाचली बगा. आन ही बारकी पावलां, तिच्या पोरीची." ते अंगण मग पावसापर्यंत कुणी झाडायचं नाही, असा नियमच होता. उन्हाळाभर मामा संध्याकाळचे तिथे जाऊन बसायचे. मला तेव्हा त्यांची गंमत वाटायची. शिमग्याचे ते चार दिवस म्हणजेच त्यांचं वर्ष होतं. बाकीचे महिने नुसते त्या दिवसांच्या वाटेवर पसरलेले.

आणि मग एका वर्षी, मामांचं सारवण पुरं झालं त्याच आठवड्यात, कापड्याच्या बाजूने एक टेम्पो वर आला. वाडीपर्यंत कच्चा रस्ता झाला होता, त्याचंच कौतुक करत मामा पुढे गेले. टेम्पोतून मंडळाचा सेक्रेटरी उतरला. चांगला मुलगा होता. मामांच्या पाया पडला, मिठाईचा पुडा हातात दिला आणि मग खाली बघत म्हणाला, "मामा, बॉक्स न्यायला आलोय. यंदापासून कार्यक्रम मुंबईतच करायचं ठरलंय. हॉल घेतलाय. पोरांच्या परीक्षा असतात, कुणाला रजा मिळत नाय. तिकडं सगळेच येतील. तुमी पण चला ना. आत्ताच चला गाडीतून."

मामा थोडा वेळ पुड्याची दोरी चाचपत राहिले. मग म्हणाले, "हॉलात जमीन कसली रे?"

"लादी हाय मामा. एकदम गुळगुळीत."

"बरा हाय मंग. धुरळा नाय उडायचा." आणि ते बाक्स काढायला आत गेले. दोन्ही बाक्स त्यांनी स्वतः हात लावून टेम्पोत चढवले. गोधडीसकट. सेक्रेटरी म्हणाला, "मामा, गोधडी ऱ्हाऊ दे." मामा म्हणाले, "घाटात खड्डे हायत. ने." मुंबईला ते गेले नाहीत. पालखीला खांदा द्यायला इथे माणसं थोडी, हे कारण खरंच होतं.

त्या शिमग्याला पालखी निघाली. म्हाताऱ्यांनी धापा टाकत ती सहाणेवर आणली, आरती झाली आणि दिवेलागणीला जो तो आपापल्या घरी गेला. बाक्सांशिवाय कोण नाचणार? मी शाळेच्या पायरीवरून बघत होतो. मामा अंगणाच्या कडेला उभे होते. सारवण जसंच्या तसं, त्यावर एक पाऊल नाही. इतकं साफ अंगण मी तिथे कधी पाहिलं नव्हतं आणि ते मला बघवेना.

मी खोलीत गेलो, माझा लहानसा टेपरेकॉर्डर काढला आणि अंगणात नेऊन लावला. त्यातले सेल उतरले होते. गाणं लागलं, पण आवाज जाड झालेला आणि चाल इतकी संथ की गाणारा झोपेत गातोय असं वाटावं. मी ओशाळलो. मामा मात्र कान देऊन ऐकत राहिले आणि बऱ्याच दिवसांनी हसले. "गुरुजी, हाच बरा हाय. आपल्या दोगांना ह्योच जमंल." त्यांनी धोतराचा सोगा धरला. या वेळी मला ओढावं लागलं नाही. मी चपला काढल्या, चष्मा खिशात ठेवला आणि त्यांच्या मागे जसे पडतील तसे पाय टाकू लागलो. गाणं आणखी मंदावत गेलं आणि मध्येच थांबलं. मामांचं बोट वर गेलं. "आजून एक!"

सेल संपले होते. तरी आम्ही आणखी एक नाचलो. गाणं मामाच तोंडाने म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ते मला हाताला धरून अंगणात घेऊन गेले. "ही तुमची टाच," एका वाकड्या पावलाकडे बोट दाखवून म्हणाले. "शिकल्याला मानूस, पर नाचतो बदकासारका." उन्हाळाभर ते अंगण झाडलं गेलं नाही.

पुढे माझी नाते गावच्या शाळेवर बदली झाली. मामा गेल्याचं मला पावसाळा उलटल्यावर कळलं.

काही वर्षांनी मुंबईकरांनी शिमगा पुन्हा वाडीत करायचा ठरवला आणि मला आग्रहाने बोलावलं. गाड्याच गाड्या, रंगीत दिवे, माणसाएवढे स्पीकर. सेक्रेटरीचे केस पिकायला लागले होते. त्याने मला हाताला धरून नेलं आणि अभिमानाने दाखवलं. सहाणेपुढच्या सबंध अंगणाला त्यांनी वर्गणी काढून सिमेंटचा कोबा केला होता. कोपऱ्यात पाटी होती, मामांच्या नावाची, त्यांच्या स्मरणार्थ. "दरसाल एकटे सारवायचे, गुरुजी. किती राबायचे! म्हटलं, आता कुणाला सारवायला नको." त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खूप छान केलंत, म्हटलं. ते खरंच छान होतं.

त्या संध्याकाळी सगळे नाचले. मीही नाचलो, बदकासारखा.

सकाळी गाड्या गेल्यावर मी सवयीने अंगणात गेलो. उकिडवा बसलो आणि हात फिरवून पाहिला. कोबा गार होता, स्वच्छ होता. त्यावर कुणाचाही पाय उमटला नव्हता.