घोड्याचा उजवा पाय

कांचन वडके पुण्याच्या तांबट आळीत वाढली. लहानपणी तांब्यावरच्या ठोक्यांत निजायची. ठोके थांबले की जागी व्हायची. १९८१ला नवऱ्यामागे व्हर्जिनियात आली आणि एका लहानशा म्युझियममध्ये झाडपुशीला लागली. तिथल्या मराठी मंडळातल्या डॉक्टरीणबाई विचारायच्या, "तुम्ही कुठे असता?" ही सांगायची, "राजाकडे."

राजा युरोपातला. कुरळ्या केसांचा टोप, मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, सगळं ब्राँझचं. पाटीवर लिहिलेलं: तीनशे वर्षांपूर्वीचा पुतळा, नखशिखांत मूळचा.

१९८६च्या मार्चमध्ये घोड्याच्या उचललेल्या पुढच्या उजव्या पायावर पांढरे ओघळ उमटले. सगळ्यांचं बोट थेट कांचनकडे: हिनेच घासायला चिंच चोळली असणार. कोरड्या फडक्याशिवाय तिने त्या घोड्याला काही लावलं नव्हतं.

म्युझियमच्या कमिटीवरचे डॉक्टर श्रीरंग कागद घेऊन आले. "कांचनबाई, सही करून टाका. चुकून झालं म्हणायचं. दुसरीकडे जॉब मी अरेंज करतो."

"चुकून झालं तर नोकरी कशाला जाते?"

"उगाच इश्यू करू नका. शुक्रवारी पुतळा तपासायला एक्स्पर्ट बाई येतायत. त्याआधी पेपर क्लिअर हवेत."

कांचनच्या मनात पाल चुकचुकली. बाई यायच्या आत सही हवी, म्हणजे बाईंपासून काहीतरी झाकायचंय. आणि न मागता मदत करणाऱ्याचा दुसरा हात कुठे आहे, ते आधी बघावं.

"शुक्रवारी करते. त्यांच्यासमोर."

शुक्रवारी तिने सगळ्यांदेखत पुतळ्याभोवतीची दोरी ओलांडली.

"अहो, हात लावायचा नाही, रूल आहे," डॉक्टर म्हणाले.

ती कशाची ऐकते. तिचा बाप भांडं विकण्याआधी बोटाच्या पेराने वाजवून बघायचा. तसंच तिने वाजवलं. डावा पाय टण्णकन बोलला, आवाज घुमत राहिला. उजवा नुसताच थप्प.

"दिस लेग, डिफरंट मदर," कांचन म्हणाली.

एक्स्पर्ट म्हातारीने स्वतः वाजवून पाहिलं. मग सुरीच्या टोकाने थोडं खरवडलं. काळ्या रंगाखाली पिवळंधमक नवं पितळ. पाय कधीतरी मोडला होता, दुसरा बसवून रंगवला होता. पांढरे ओघळ तो रंग खराब होऊन आलेले. म्युझियमचे डायरेक्टर जमिनीकडे बघत होते, डॉक्टर घड्याळाकडे.

डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात घातला. कांचनने हात पुढे केला.

"इकडे द्या तो. उद्या दुसऱ्या कुणासाठी निघायचा."

त्यांनी दिला.

सोमवारी पाटी गायब झाली. माफी कुणी मागितली नाही, नोकरीवरूनही कुणी काढलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी फडकं मारताना कांचन डाव्या पायाला एक टिचकी मारून ऐकायची. या लोकांचा काय नेम.