पूर्वेस पिठा

आईचं पिठ्यावर जाणं मागच्या दिवाळीनंतर सुरू झालं. दिवेलागण झाली की ती पदर सावरून उठायची, चपला शोधायची आणि म्हणायची, "पिठ्यावर जाऊन येते."

पहिल्यांदा बायकोने तिच्या हातात गव्हाचा डबा दिला. गिरणी कोपऱ्यावरच आहे, तेवढेच आईचे पाय मोकळे होतील, असं तिला वाटलं. आईने डबा ओट्यावर आपटला.

"गहू कशाला? अण्णांना आणायचंय."

अण्णा म्हणजे आईचे वडील. नाशिक रोड स्टेशन ते पंचवटी टांगा चालवायचे. मी जन्मायच्या आधीच गेले.

"आई, पिठाच्या गिरणीत अण्णा कशाला असतील?"

"पीठ नाही रे मेल्या, पिठा! दारू मिळते तिथं. केस पिकले तरी पिठा माहीत नाही तुला?"

नव्हता माहीत. शब्दकोशात पाहिलं: दारूचा गुत्ता. दारूबंदी यायच्या आधी भद्रकालीत असा एक होता, आणि रोज संध्याकाळी अण्णांना तिथून घरी आणायचं काम थोरली म्हणून आईकडे होतं. हे तिच्या तुटक बोलण्यातून आता कळलं; आधी तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आता तिला लग्न आठवत नाही, बाबांचं जाणं आठवत नाही. हे एक काम तेवढं राहिलं.

दाराला कडी घातली की ती दारावर तळहात आपटायची. "सोड रे. मी नाही गेले तर ते खूप पिऊन येतील आणि आईला मारतील."

ऐंशी ओलांडलेली बाई हे सांगताना लहान मुलीसारखी रडायची. मी ठरवलं, ती जागा शोधायची आणि तिला नेऊन दाखवायची. पिठा बंद झालाय, आत कोणी नाही, हे डोळ्यांनी पाहिलं तर कदाचित तिची सुटका होईल. मी नोकरीभर हिशेब तपासले. मला दुसरं काही सुचलं नाही.

पिठ्याच्या नावाने कुठेच कागद मिळाला नाही. जागा भाड्याची असणार. पण खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, म्हणजे चारी दिशांना काय आहे ते. ज्याचा स्वतःचा कागद नाही तो शेजाऱ्याच्या कागदात सापडू शकतो. पिठा तेल्याच्या घाण्याला लागून होता, एवढं आईला पक्कं आठवत होतं. म्हणून घाण्याच्या जागेच्या खतांच्या नकला मागवल्या.

अलीकडच्या खतात लिहिलं होतं, "पूर्वेस पिठाची गिरणी." मी भद्रकालीतल्या म्हाताऱ्या दुकानदारांना गिरणीबद्दल विचारत हिंडलो. गिरणी कोणालाच आठवेना. मग त्याआधीच्या, हाताने लिहिलेल्या खताची नक्कल आली. त्यात होतं, "पूर्वेस दारूचा पिठा, मधे सामाईक भिंत." पुढच्या लेखनिकाने आमच्यासारखंच वाचलं होतं.

तिथून पुढे सोपं होतं. सिटी सर्व्हेच्या नकाशावर घाण्याचा नंबर धरला आणि पूर्वेकडचा शेजार पाहिला. जागेवर जाऊन टेप लावून रुंदी ताडून घेतली. जुळली. आता तिथे चष्म्याचं दुकान आहे. दर्शनी भाग काचेचा, पण खालच्या काळ्या दगडाच्या पायऱ्या जुन्याच, मधोमध झिजलेल्या.

संध्याकाळी आईला रिक्षाने घेऊन गेलो. रस्ता तिने ओळखला नाही. पायऱ्या मात्र ओळखल्या. मी तिचा हात धरून वर नेऊ लागलो तशी ती मागे सरली.

"बायकामुलींनी पायरी चढायची नाही. इथूनच हाक मारायची."

आणि तिने रस्त्यात उभी राहून हाक मारली. "अण्णा, चला ना घरी. भाकरी गार होतेय."

येणारेजाणारे थांबून बघायला लागले. दुकानदार दारात आले. मी वर गेलो, त्यांना थोडक्यात सांगितलं, माफी मागितली. त्यांनी आईसाठी स्टूल देऊ केलं. मी नको म्हणालो आणि पायऱ्या उतरलो.

मी खाली येईपर्यंत आई माझ्याकडे बघत होती. तिने माझा हात धरला, चेहरा जवळ आणला आणि वास घेतला.

"आज प्यायला नाहीत?"

तिने पुन्हा एकदा वास घेतला.

"नाही प्यायलात!" ती म्हणाली. इतका आनंद मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "चला. आज आईला बरं वाटेल."

रिक्षात तिने माझा हात सोडला नाही.

त्या दिवसापासून ती पिठ्याचं नाव काढत नाही. घरात ती मला अण्णा म्हणते, अहोजाहो करते. घोड्याला चारा घातलात का, विचारते. मी घातला म्हणतो. बायको म्हणाली, "अहो, त्यांना झोप लागते आता. असू द्या."

मीही तसंच म्हणत होतो. पण परवा दिवेलागणीला आई उठून दाराशी गेली आणि तिथेच उभी राहिली. मी विचारलं, "काय झालं?"

"माझा मुलगा आला नाही अजून."

"कुठे गेलाय?"

"ते कुठं माहितीये मला?" ती म्हणाली. "अण्णा, तुम्ही जरा बघून येता का?"

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.