लपून राहा सांगणारं पत्र

जर्मनीत आखेनला पीएचडी करत होते तेव्हा शेजारच्या खोलीत कॅमेरूनचा एक मेकॅनिकलचा विद्यार्थी राहायचा. स्वयंपाकघर आमचं एकच. गावाकडच्या एका मित्रावर त्याचं प्रेम होतं, आणि त्याच्या देशात त्यासाठी तुरुंगवास होता. त्या मित्राला पोलिसांनी पकडलं, खोलीत याची पत्रं सापडली, मग पोलीस याच्या घरी जाऊन आले. परत जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं तिथेच आश्रय मागितला.

उत्तर आलं तेव्हा माझी आई सांगलीहून आलेली होती. त्यानं पाकीट माझ्यापुढे धरलं. "तूच वाच."

अर्ज नाकारला होता. मायदेशी गाजावाजा न करता राहिलात तर धोका नाही, असा एकूण सूर.

"म्हणजे लपून राहा," मी म्हटलं.

"गेनाऊ," अगदी तेच, तो जर्मनमध्ये म्हणाला आणि खाली बसला.

"काय झालं गं त्याला?" आईनं विचारलं. मी सांगायला लागले, पण शिवी नसलेला मराठी शब्दच मला सापडेना. शेवटी म्हटलं, "त्याचं एका मुलावर प्रेम आहे, आई. तिकडे तो गुन्हा आहे. आपल्याकडेही आहे." तेव्हा आपला कायदा तसाच होता.

आईनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाली, "त्याच्या आईला ठाऊक आहे?"

मी विचारलं. पोलीस आले त्या दिवसापासून आई फोनवर येत नाही, असं तो म्हणाला.

"नंबर दे म्हणावं. मी बोलते तिच्याशी."

"अगं, त्यांना फ्रेंच येतं फक्त!"

"मग काय झालं? रडले तर कळेल की तिला."

हे मी त्याला सांगितलं, तर तो हसायला लागला, आणि हसता हसता रडला. आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, "जेव आधी," म्हणून गरम पिठलंभात वाढला. मला तिचं इतकं कौतुक वाटलं, की मीच तोंड फिरवून भांडी घासत बसले.

त्या नकाराविरुद्ध तो कोर्टात गेला. वकीलबाई भल्या मिळाल्या. दीड वर्षानं कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. मी सोबत होते. बाहेर पायरीवर बसून त्यानं घरी फोन लावला. बहिणीनं उचलला. त्याची आई तिच्या शेजारीच होती, पण फोनवर आली नाही. मित्र तुरुंगातून सुटला होता, कुठे गेला ते कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात त्याच्या आईनं स्वतः फोन केला. मिनिटभरच. तिकडे फार थंडी असते का, एवढंच विचारलं तिनं.