रतनमावशीचा पेरोज

औंढ्याची रतन ओव्हाळ लोणावळ्याच्या बाजारात अंगठ्या आणि मण्यांच्या माळा विकते, त्याला आता बारा वर्षं झाली. चिक्कीच्या दोन दुकानांच्या मधे, भिंतीला लागून तिचं लाकडी टेबल असतं. त्याआधी ती खंडाळ्याला एका पारशी बाईंच्या बंगल्यात कामाला होती. बाईंचं नाव पिरोजा. नव्वदीला आलेल्या, गुडघ्यांनी अधू, पण बोलायला खडखडीत. रतन त्यांना अंघोळ घालायची आणि त्याआधी त्यांच्या बोटातली अंगठी काढून सुक्या रुमालात ठेवायची. तिला साबण लागू द्यायचा नाही, तेल लागू द्यायचं नाही, असा बाईंचा हुकूम होता. तेल मुरलं की खडा हिरवा पडतो म्हणायच्या.

तो खडा पेरोजचा होता. उघडीप पडल्यावर आभाळ दिसतं तसा निळा, आणि त्यातून केसासारख्या बारीक तपकिरी रेघा गेलेल्या.

“माझं नाव याच्यावरूनच ठेवलं,” बाई सांगायच्या. त्यांची आजी इराणातून आली, येताना ही अंगठी बोटात घालून आली. तिकडे निशापूर नावाचं गाव आहे, तिथल्या खाणीतला पेरोज सगळ्यात चांगला. फारसीत त्याच्या नावाचा अर्थच विजय. घोडेस्वार तो अंगावर बाळगायचे, घोड्याच्या गळ्यातही बांधायचे. खडा माणसाला घोड्यावरून पडू देत नाही, आणि संकट यायचं असलं की खडा आधीच रंग बदलतो, असा त्यांचा विश्वास. पुढे तुर्कांच्या बाजारातून तो युरोपात गेला, तर तिकडच्या लोकांनी त्याला तुर्की दगडच म्हणायला सुरुवात केली.

“मग बाई, तुमी कदी पडलाच न्हाई का?” रतननं एकदा विचारलं.

“पडली ना! दोनदा पडली. हे गुडघे बघ,” बाई म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

बाई गेल्या. अंगठी नात घेऊन गेली, बंगल्याला कुलूप लागलं. रतनच्या नवऱ्याला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, मुलगी मानसी शाळेत होती. रतननं बाजारात टेबल टाकलं. मुंबईचा एक माणूस तिला माल आणून द्यायचा. त्यात निळ्या खड्यांच्या अंगठ्या असायच्या. तो म्हणायचा, इराणचा माल आहे. रतन गिऱ्हाइकांना तेच सांगायची, वर बाईंच्या गोष्टी जोडायची. गोष्ट ऐकली की माणूस अंगठी बोटात घालूनच जायचा.

खरा पेरोज तिनं रोज हातात धरलेला होता. या खड्यांचा निळा रंग जास्तच एकसारखा आहे, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण तिनं त्या माणसाला कधी काही विचारलं नाही.

तिकोणा पेठेचा महिपती त्याच बोलण्याला भुलला होता. तो गुलाबाच्या फुलांचा टेंपो चालवतो. पवनेच्या बाजूची पॉलीहाऊसमधली फुलं रोज घाट उतरून दादरला पोचवायची. रतन त्याला म्हणाली होती, “घोड्यावरनं पडू देत न्हाई हा खडा, मग टेंपोचं काय घेऊन बसलास!” त्यानं हसत हसत अंगठी घेतली, आणि दोन वर्षं बोटातून काढली नाही.

गेल्या वर्षी श्रावणात त्याची बायको सुषमा टेबलापाशी येऊन उभी राहिली. रुमालाची गाठ सोडून तिनं अंगठी पुढे केली. खडा चुन्यासारखा पांढरा पडला होता. फक्त कोंदणाच्या कडेला निळ्याची रेघ उरली होती.

“मावशी, आमचे हे आठ दिस टेंपोला हात लावत न्हाईत,” सुषमा म्हणाली. “घाटात ब्रेकचं पेडल खाली गेलं. गिअरवर कसाबसा टेंपो कडेला घेतला. उतरून बगत्यात तर खडा असा. तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, संकट यायचं असलं की रंग जातो म्हनून?”

“व्हय, मीच सांगितलं व्हतं.”

“त्ये म्हनत्यात, आता पुन्हा घाटात गेलो की संपलोच. जेवन सुदिक न्हाई धड.”

रतननं तिला उद्या तुमच्या घरी येते म्हणून सांगितलं आणि दुपारीच टेबल आवरलं. घरी येऊन मानसीची नेलपॉलिश काढायची बाटली घेतली, कापसाचा बोळा भिजवला आणि त्याच मालातल्या एका खड्यावर घासला. बोळा निळा झाला. दुसऱ्या खड्याचं तसंच, तिसऱ्याचंही तसंच. स्वस्तातला पांढरा दगड रंगात बुडवलेला होता.

मानसी आता एका हॉटेलात नोकरीला आहे. ती म्हणाली, “आई, त्यांना दुसरी अंगठी दे आणि सांग, संकट खड्यानं अंगावर घेतलं. खूश होतील.”

“आन् त्याच्या भरवशावर तो पुन्हा घाटात गेला म्हंजी?” रतन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रतन लोकलनं कामशेतला उतरली, वडाप जीपनं पवनानगरला आणि तिथून पुढे तिकोणा पेठेला गेली. वाटेत दोनदा तिला वाटलं, माघारी फिरावं. महिपती ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. रतननं काही पाल्हाळ लावलं नाही. त्याच्यासमोर नव्या अंगठीवर बोळा घासला आणि निळा झालेला कापूस दाखवला.

“ह्यो खडा खोटा हाय. तुला दिलेला बी खोटाच व्हता. मला संशय व्हता, तरी मी विकला. हात कशानं धुतोस तू?”

“ग्रीस लागल्यावर डिझेलनं.”

“त्यानं रंग गेला. संकटाबिंकटानं न्हवं.”

महिपतीनं तो बोळा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग त्याचा आवाज चढला. “दोन वरसं मी ह्याच्यावर हवाला ठिवून घाट उतरलो, मावशी! पोरंबाळं हायेत मला!”

“व्हय. चूक माझी हाय.”

“मग पेडल कशानं खाली गेलं?”

“त्ये मला काय ठावं? मेस्तरीला दाखवलंस का?”

“कुटलं दाखवत्यात!” सुषमा दारातून म्हणाली. “मी सांगून सांगून दमले.”

महिपतीनं रतनला चहाही विचारला नाही. तीही थांबली नाही.

चौथ्या दिवशी सुषमाचा फोन आला. मेस्तरीनं मागचं चाक काढलं, तर ब्रेकचं तेल गळत होतं. अजून दोन खेपा झाल्या असत्या तर काही खरं नव्हतं, म्हणाला. काम करून घेतलं, आज टेंपो दादरला गेला.

“माझ्यावर रागावलाय?” रतननं विचारलं.

“लय रागावल्यात.”

रतननं त्या मुंबईच्या माणसाचा माल बंद केला नाही, पण टेबलाचे दोन भाग केले. एका बाजूला मानसीनं मोठ्या अक्षरात पाटी लिहून दिली: रंगवलेला दगड. दुसऱ्या बाजूला, काचेच्या डबीत, जयपूरच्या व्यापाऱ्याकडून पावतीसकट आणलेले सहा खरे पेरोज. शेजारचा चिक्कीवाला म्हणाला, पाटी लावून कोणी धंदा करतं का? पहिले काही महिने त्याचंच खरं वाटत होतं. मग गिऱ्हाईक हळूहळू यायला लागलं. पुण्याची एक कॉलेजातली मुलगी, समीक्षा नावाची, निळी माळ गळ्याला लावून बघत होती. रतननं तिला पाटी दाखवली.

“वाचलं हो मावशी. पण रंग बघा ना!”

रतनला पिरोजाबाईंचं एक बोलणं आठवलं. ते तिनं त्या मुलीला सांगितलं. पाच हजार वर्षांमागं इजिप्तची माणसं वाळवंटात खणून पेरोज काढायची. तो पुरायचा नाही, म्हणून तसाच निळा रंग चढवून भट्टीत मणी भाजायची, आणि तेही हौसेनं घालायची. समीक्षानं दोन माळा घेतल्या.

महिपती मात्र तिच्या टेबलाकडे फिरकला नाही. या संक्रांतीच्या आधी भाजीबाजारात दोघं समोरासमोर आले. त्याच्या बोटात काहीच नव्हतं. तो क्षणभर घुटमळला.

“बरं हाय का, मावशी?”

“बरं हाय. तुझं?”

“चाललंय,” तो म्हणाला आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन पुढे गेला.