फौजेचा नवा ट्रक आणि आमचा किसन

किसन सुभेदार आज पहाटे गेला. आता माझ्या शंका ऐकून घेणारं कोणी उरलं नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

नव्या पोरांना माहीत नसेल. फौज नवा ट्रक घेण्याआधी तो वाळूत, चिखलात, बर्फात चालवून बघते. त्या ट्रायलच्या टीममध्ये आमचा राजुरीचा किसन ड्रायव्हर होता.

गावाला वाटायचं, हा आरटीओ. सुट्टीवर आला की लोक म्हणायचे, "सुभेदार, आमचा टेम्पो तेवढा पास करा."

तो हसायचा.

मला हसू येत नव्हतं.

माझा सुरेश तेव्हा फौजेतच ड्रायव्हर. वर डोंगरात, जुन्या ट्रकवर. उताराला ब्रेक नीट धरत नाहीत, असं एकदा बोलून गेला. तेव्हापासून माझी झोप उडाली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बेल्ह्याच्या बैलबाजारात किसन भेटला.

"किसन, नवा ट्रक कधी येतोय?"

"ट्रायल चालू हाय, भाऊ. ब्रेक तापला की ढिला पडतो. कारखान्याला परत धाडलाय."

"परत? अरे, पोरगं जुन्यावर हाय माझं."

"पेरणी तोंडावर आली म्हणून लंगडा बैल घेशील का?"

"आन् पेरणी उलटल्यावर तगडा बैल आणून काय पूजा करू त्याची?"

शेजारचा व्यापारी फिदीफिदी हसला. किसन हसला नाही. एका खोंडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"साहेब लोकबी ह्याच्यावरच भांडत्यात, राव. सगळंच पायजे म्हणलं तर गाडी महाग व्हती. महाग झाली की कमी येत्यात, मग निम्मी पोरं जुन्यावरच. थांबलं तरी भ्या वाटतं, घाई केली तरी भ्या."

किसनला भीती वाटते, हे मी पहिल्यांदा ऐकलं. माझी काळजी दुप्पट झाली.

मधे दोन हिवाळे गेले. मी देवाला आणि किसनला, दोघांनाही हैराण केलं. एसटीडी बूथवाला मला लांबून बघितलं की शटर ओढायचा.

मग सुरेश सुट्टीवर आला. नवा ट्रक मिळाला होता.

"ब्रेक एक नंबर, नाना. पण केबिनला हीटर नाय. पाय लई गारठत्यात."

मी तडक किसनच्या घरी. तोही तेव्हा सुट्टीवर होता.

"पोराचं पाय गारठत्यात. हीटर कुठं गेला?"

किसनने बशीतला चहा संपवला.

"ब्रेकपायी पैसा गेला, वेळ गेला. काहीतरी सोडायलाच लागणार व्हतं. साहेबांनी आमा ड्रायव्हरांना इचारलं, काय सोडायचं? मी म्हणलं, हीटर सोडा. पाय गारठलं तर पोरगं शिव्या देत घरी येईल, भाऊ. पण येईल."

आज किसनला खांदा द्यायला सुरेश पुढे होता. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, रिटायर्ड.

मी मागून चालत होतो. पोरगं कुठं ठेचकाळेल का, हीच काळजी करत.

किसन, सावकाश जा बाबा.

राम राम.