वामनरावांची पाचवी चढण

मंडळी, आज कुरवंड्याला जे आले नाहीत, त्यांना खरं काय झालं ते कळायला हवं.

आपल्या सायकल मंडळात यायचं तर कुरवंड्याची चढण पाय न टेकता पाचदा चढायची, ही आपली अट. आज रेल्वेतले कारकून वामनराव आले होते. वय पंचेचाळीस, धोतर सुतळीने पोटरीला बांधलेलं. मोजायला मी वर उभा होतो.

पाचवी चढण त्यांनी पुरी केली. पण त्यांची गंमत करायची, हे आमचं आधीच ठरलं होतं. मी म्हणालो, "वामनराव, चारच झाल्या. अजून एक!"

त्यांनी वाद घातला नाही. सायकल वळवली आणि पुन्हा खाली गेले.

गवताचा भारा टेकवून बसलेली एक बाई मला म्हणाली, "मास्तर, पाच झाल्या की! मी हितंच बसलीया. कशापायी जीव घेताय त्यांचा?"

"मावशी, तुम्हाला मोजता येतं का?" मी विचारलं. सगळे हसले.

सहाव्यांदा वामनराव अर्ध्यावर कोसळले. गुडघा फुटला. सायकल ढकलत वर आले आणि मला म्हणाले, "पाचवी नाही जमली हो. तुम्हाला मात्र उगाच उन्हात उभं केलं."

तेव्हाही मी त्यांना खरं सांगितलं नाही.

ते माझ्याच आळीत राहतात. दुपारपासून दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलोय. तुमच्यापैकी कोणी माझ्याबरोबर येईल का?