आतली कडी

उज्जैनमध्ये ज्याचं घर आहे त्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. नातेवाईक महाकालाच्या दर्शनाला येतात, आपल्याकडे उतरतात आणि जाताना एकेक किस्सा मागे ठेवून जातात. माधवनगरातल्या आमच्या घरात असे पुष्कळ साठलेत. त्यातले हे फक्त एका दाराचे. माझ्या दाराचे!

*

आमच्या बेडरूमचं जुनं दार वाळवीने खाल्लं. ते काढून सासूबाईंनी तिथे पडदा लावला. म्हणे तात्पुरता. मी इंदूरच्या एका कंपनीचं काम घरून करते, त्याच खोलीत बसून. एकदा मीटिंग ऐन रंगात आलेली असताना पडदा सरकला आणि नागपूरचे मावससासरे ओला पंचा नेसून आत आले. रामघाटावर स्नान करून आले होते.

"सूनबाई, माझं कोरडं धोतर कुठे ठेवलंय?"

लॅपटॉपमधून माझ्या साहेबांनी त्यांना नमस्कार केला. काकांनीही एका हाताने पंचा सावरत आशीर्वाद दिला.

संध्याकाळी मी हे रागारागाने सांगितलं, तर घरच्यांना कौतुक कशाचं? साहेब किती संस्कारी आहेत त्याचं! तेव्हाच मी जाहीर केलं की मला दार पाहिजे, लाकडाचं पाहिजे आणि आतून लागणारं पाहिजे.

*

फ्रीगंजमधल्या दुकानात मी, माझा नवरा समीर आणि सासरे असे गेलो. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. खोली माझी, भांडण माझं, पण दुकानदार बोलत होता बाबांशी.

"बाबूजी, प्लेन फ्लश डोर तो सब लगाते हैं. ये पैनल वाला देखिए, ये स्लाइडिंग देखिए. आजकल यही चल रहा है."

मी मध्येच विचारलं, "भैया, अंदर से अच्छे से बंद कौन-सा होता है?"

"भाभीजी, आप तो रंग पसंद कर लो," तो म्हणाला.

तोवर समीर काचेच्या सरकत्या दाराच्या प्रेमात पडला होता. "खोली किती मोठी दिसेल बघ." अरे, खोली दिसू नये म्हणून तर दार घ्यायला आलोय आपण!

*

मग घरी चर्चा. सासूबाईंचं म्हणणं, दाराला वरच्या बाजूला काच हवी. आत कोणी चक्कर येऊन पडलं तर बाहेरून दिसायला पाहिजे.

"आई, मला कशाने चक्कर येणार?"

"सांगून येते का ती?"

बाबांचा विरोध मात्र मुळावरच होता. "दार कोणतंही लावा, चलेगा. पण घरात आतून कडी कशाला? आपण काय चोर आहोत का? पाहुण्याला दार बंद दिसलं तर त्याने काय समजायचं?"

"समजायचं की आत माणूस आहे," मी म्हटलं.

"या घरात आजवर कोणी पाहुण्याच्या तोंडावर दार लावलेलं नाही," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. बाबांनी पेपर उघडला की विषय मिटला.

*

पण मी काही मिटू दिला नाही. शेवटी साधं, भरीव फ्लश डोर ठरलं. ते बसवायला मिस्त्री आला तेव्हा मी बँकेत गेले होते. परत येऊन बघते तर दार दिमाखात उभं आणि कडी बाहेरून! आतल्या बाजूला नुसतं गुळगुळीत लाकूड.

"बाबूजी ने बोला, कुंडी बाहर चाहिए. मेहमानों के बच्चे अंदर का सामान निकाल लेते हैं."

म्हणजे मला आत कोंडता येईल, पण मला दार लावून घेता येणार नाही. मी मिस्त्रीला चहा दिला आणि आतली कडी बसेपर्यंत त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले.

*

कडी बसली, पण ती लावायची चोरी. पहिल्यांदा एका मीटिंगसाठी लावली आणि लगेच सासूबाईंनी दार वाजवलं. "बरं नाही का गं?" मग हॉलमधून समीरचा मेसेज, "रागावलीस का?" मग पॅसेजमधून बाबा, कोणालाच उद्देशून नाही अशा थाटात, "आता आपल्याच घरात परवानगी काढायची."

मी निमूटपणे दार उघडलं आणि उरलेली मीटिंग तशीच केली. एवढा खटाटोप करून मला काय मिळालं, तर जरा जड पडदा.

*

श्रावणातला सोमवार होता. महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, बघायला नागपूर, अमरावती आणि कुठून कुठून मंडळी आलेली. हॉलभर गाद्या, बाथरूमपुढे रांग. सकाळपासून सगळे बाबांच्या मागे. दर्शनाचा पास मिळेल का, रिक्षा कुठे मिळेल, आमचा चहा बिनसाखरेचा सांगा, सवारी कुठून चांगली दिसते. बाबा सगळ्यांना हसून उत्तरं देत होते.

दुपारी मी टावर चौकातून सामान घेऊन आले. म्हटलं, जरा पाठ टेकू. खोलीचं दार ढकललं तर उघडेना. आतून कडी!

माझं डोकंच फिरलं. जी कडी लावायची मला चोरी, तिच्यामागे कोण पाहुणा पसरलाय? मी दारावर जोरात थाप मारली.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग अगदी दबक्या आवाजात बाबांनी विचारलं, "कोण?"

"बाबा, मी."

मग सासूबाईंची कुजबुज ऐकू आली, कप बशीत ठेवल्याचा आवाज आला आणि बाबा दाराजवळ येऊन म्हणाले,

"एकटीच आहेस ना?"